माझ्यात नसलेल्या सात पट्ट्या

मी एक जुना झायलोफोन आहे, मित्रांनो. गोळी बसवलेल्या काठ्यांनी माझ्या लाकडी पट्ट्यांवर आघात केला की स्वर उमटतो. बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या एका कारखान्यात दयानंद नावाच्या कारागिराने शिसवाच्या चव्वेचाळीस पट्ट्या तासून मला घडवले. पुढे मी एका शाळेच्या वाद्यवृंदात होतो. तो मोडला आणि नऊ वर्षे मी कोठीत चटयांखाली पडून राहिलो.

तेथून मला राजाजीनगरला आणले ते दामोदररावांनी. सरकारी कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांचे आराखडे काढले होते. त्यांच्या नातीने, वल्लरीने, मला पुन्हा बोलते केले. तिची शिक्षिका भव्या बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली. ती एकदा म्हणाली, "अय्यो, काय मऊ हात आहे हिचा!" एवढे कौतुक मला पुष्कळ झाले.

मग संगीत महाविद्यालयाची निवड-परीक्षा आली. जागा एकच. वाजवायचे होते तेथील मरिंबावर, म्हणजे माझ्याच जातीच्या, पण अधिक खालच्या स्वरांपर्यंत उतरणाऱ्या मोठ्या वाद्यावर. रचना मात्र आपण निवडायची होती.

"छोटी घ्या, सर," भव्या म्हणाली. "ह्याच्यावर पूर्ण बसते. स्वल्प साधी आहे, पण हिला शोभते."

"साधी वाजवून जागा मिळते होय?" दामोदररावांनी तक्ताच मांडला: स्वर किती, उड्या किती, वेग किती. सर्वांत अवघड ठरली ती लांब रचना त्यांनी निवडली.

"आजोबा, तिला खालच्या आणखी सात पट्ट्या लागतात. ह्याला त्या नाहीतच."

"मग मी करून देतो की!"

त्यांनी माझ्या पट्टीचे माप काटेकोर घेतले आणि तेवढ्याच रुंदीच्या सात फळ्या माझ्या डावीकडे जोडल्या. चार महिने वल्लरी त्यांवर मुके स्वर वाजवत राहिली. मरिंबाच्या पट्ट्या खालच्या स्वरांकडे जाताना रुंद होत जातात. मला ते ठाऊक होते. कारखान्यात माझ्या शेजारीच एक मरिंबा घडत होता. पण आघाताविना मला वाचा नाही.

परीक्षेहून ती परतली, ती दारातच थांबली. "डावा हात दर वेळी चुकीच्या पट्टीवर पडला, आजोबा. तिथल्या पट्ट्या रुंद आहेत."

"किती रुंद?" त्यांनी विचारले.

ती सरळ आत गेली.

निवड यादीत तिचे नाव नव्हते. काठ्या तिने भव्याला परत केल्या. दामोदरराव रोज माझी धूळ पुसतात, फळ्यांचीसुद्धा.

मित्रांनो, धूळ पुसणे म्हणजे निगा नव्हे. एखाद्याच्या ठायी काय नाही हे मोजण्यापूर्वी, काय आहे ते एकदा ऐकून घ्या. त्या छोट्या रचनेचा प्रत्येक स्वर माझ्यापाशी होता. तो कोणी मागितलाच नाही.