शेजारणीचा फोन

फिनलंडमधल्या ओउलू शहरापासून दोन तासांवरच्या एका गावात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, राईली ह्युत्तिनेन अकरा नव्या समाजसेवकांना शिकवत होती. कुठल्या घरात मुलाचे हाल होताहेत असा फोन आला, की काय विचारायचं, काय लिहायचं आणि कधी तडक निघायचं. सहा वर्षं ती हेच शिकवत आली होती.

दुपारी फोनचा सराव असे. राईली शेजारीण व्हायची, कुणीतरी फोन घ्यायचं. आज एरिका बसली. तेवीस वर्षांची, तोंडाने फटकळ.

"बोला, काय झालं?"

"वरच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे," राईली म्हणाली. "रोज रडायची हो. पण आता बरं चाललंय बहुतेक. दोन दिवस आवाज नाही."

"चला, शेजारणीला झोप तरी लागेल!" मागून तानेली म्हणाला. दोघंतिघं हसले.

"तू गप रे." एरिका फोनवर वाकली. "आजी, या दोन दिवसांत मुलगी दिसली का तुम्हाला? स्वतःच्या डोळ्यांनी?"

"नाही."

"घरात माणसं आहेत?"

"आहेत. टीव्ही चालू असतो."

"मी निघते. आत्ताच."

राईलीने फोन ठेवला. हा फोन बारा वर्षांपूर्वी खरंच आला होता; तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पुढचं तिने नेहमीसारखं सांगितलं. नोंदीत 'आता शांत आहे' एवढंच लिहिलं गेलं आणि भेट सोमवारवर गेली. मुलगी सापडली तेव्हा बेशुद्ध होती. वाचली. आज सोळाची आहे, दुसऱ्या घरी वाढली, डावा हात उचलता येत नाही.

"कोण होती ती बया, फोन घेणारी?" एरिकाने विचारलं. "घरी बसवली की नाही तिला?"

दरवेळी राईली सांगायची, एक सहकारी होती. आजही तेच ओठांवर आलं होतं.

"मी होते," ती म्हणाली.

हे बोलल्यावर रडू फुटेल असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. काहीच झालं नाही. खिडकीबाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं, ते तिला ऐकू येत होतं.

"माफ करा, राईली. मला माहीत असतं तर..."

"तर विचारलं नसतंस. तानेली, ये. आता तू घे फोन."

चारपर्यंत आणखी तीन फोन झाले. निघताना एरिकाने हळूच त्या मुलीचं नाव विचारलं.

"ते सांगता येत नाही," राईली म्हणाली आणि खुर्च्या एकावर एक रचू लागली. एरिकाही रचू लागली.