फोटोतली जांभळी सावली

पडद्यावर फोटो झळकला आणि सभागृहातली दोनशे माणसं एकदम पुढे झुकली. फोटोतल्या बाईंचा स्वेटर, चष्मा, खुर्ची, सगळं नेहमीसारखं होतं. फक्त उजव्या खांद्यावर एक जांभळट काळी सावली चढून बसली होती.

"अगंबाई, तिथंच दुखतं हो!" बाईंना रडू फुटलं.

"आम्हाला काही सांगू नका," छायागुरू डोळे मिटून म्हणाले. "कॅमेरा बोलतो, आम्ही नुसतं ऐकतो. रोग आधी प्रकाशात उतरतो, मग देहात. सात बैठका घ्या. सावली गेली की रोग गेला!"

बाईंनी सांगायचं राहिलंच काय होतं? दाराशी अर्ज भरून घेतला होता: नाव, वय, कुठे दुखतं. शिवाय फोटो काढला की कॅमेरा पाव तास आतल्या खोलीत नेत. त्याला म्हणे ध्यान लागतं.

माझ्या शेजारी ताई टक लावून बघत होती. तिच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी सुईची तपासणी लिहून दिली, त्याला तीन महिने झाले होते. दरम्यान तिच्या चार बैठका झाल्या आणि फोटोतली सावली दर वेळी लहान झाली. गाठ मात्र होती तेवढीच होती.

मी बारा वर्षं फोटो स्टुडिओत काम करते. फोटोतला हवा तेवढाच भाग निवडून गालावरचा डाग घालवायचा, डोळे उजळायचे, मागची भिंत धूसर करायची, हेच माझं पोट. घरी आल्यावर मी ताईचा फोटो तिच्यासमोर धरला.

"ही सावली खुर्चीच्या हातावरही सांडलीय बघ. खुर्चीलाही गाठ झाली का?"

"रोग बाहेर पडतोय तो."

"अगं, हे मी रोज करते!"

"तुझं ते कॉम्प्युटरचं. त्यांचा कॅमेरा वेगळा आहे."

मी कपाळावर हात मारला. तिला समजावून माझा घसा बसला, पण ती काही हलेना.

शेवटी आमचे जुने गिऱ्हाईक ड्रायव्हरकाका मदतीला आले. एका अपघातात त्यांचा डावा पाय मांडीपासून गेला होता. कृत्रिम पाय, वर पँट आणि बूट. बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. पुढच्या बैठकीला त्यांनी अर्जात लिहिलं: डावा गुडघा, असह्य कळा.

पाव तासाने पडद्यावर काका आले. डाव्या गुडघ्यावर झकास जांभळी सावली!

"जुना वात," छायागुरू म्हणाले. "हाडात मुरलाय."

काका उठले, पँटचा पाय वर केला आणि गुडघ्यावर टकटक वाजवलं. "हाड कुठलं, महाराज? हे प्लॅस्टिक आहे."

सभागृहात खसखस पिकली. मला वाटलं, संपलं! पण गुरू शांतपणे म्हणाले, "पाय जातो, वेदनेची आठवण राहते. कॅमेऱ्याने आठवणही टिपली!" आणि माणसं चक्क माना डोलवायला लागली. ताईसुद्धा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा पुढे गेले, फोनवर गुरूंचाच फोटो काढला आणि पहिल्या रांगेसमोर धरला.

"नीट बघा. मी फक्त गळा निवडते, बोटाने असा गोल काढून. कडा मऊ करते, म्हणजे जोड दिसत नाही. आता तेवढ्याच भागातला उजेड कमी आणि जांभळा रंग जास्त. झालं! मोठा गोल काढला की मोठा रोग. दर बैठकीला गोल लहान करत गेलं की रोगी बरा."

फोन हातोहात फिरत गुरूंपर्यंत पोचला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हे खोटं आहे! हिनं फोटोवर रंग चढवलाय! माझ्या गळ्याला काही झालेलं नाही!"

"कशावरून?" मी विचारलं.

"अहो, फोटोत काहीही करता येतं!"

तोंडातून निघून गेलं ते गेलंच. मग ताई उठली, माझा दंड धरला आणि एवढंच म्हणाली, "चल."

तपासणी झाली. गाठ साधी नव्हती. "तीन महिन्यांपूर्वी आला असता तर छोट्या शस्त्रक्रियेत भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. आता मोठी शस्त्रक्रिया झाली, औषधं लांबली, केस गेले. ताई सावरते आहे. पण ते तीन महिने मला कोण परत देणार? आणि त्या दिवशी आम्ही बाहेर पडलो, तेव्हा खांदा दुखणाऱ्या बाई पुढच्या बैठकीसाठी नाव नोंदवत होत्या, ते कसं विसरू?

साधा कॅमेरा अंगावर पडलेला उजेड टिपतो, आतला रोग नाही. कोणी फोटोत तुमचं दुखणं दाखवलं, तर आधी दोन प्रश्न विचारा. दुखतं कुठे, हे याला आधीच कोणी सांगितलं? आणि रंग चढण्यापूर्वीचा मूळ फोटो कुठे आहे? उत्तर मिळालं नाही, तर तिथून उठा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.