खाडीपलीकडे न पोचलेली दवंडी

मित्रांनो, कोपरच्या वेशीबाहेर, भिवाच्या घराच्या कुडाला जो जुना डफ टांगलेला दिसतो, तो मीच. माझं कातडं सैल पडलंय, एका कडेला उंदरांनी कुरतडलंय आणि पोटात कोळ्यांनी जाळी विणली आहेत. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती सांगितल्याशिवाय माझं आयुष्य सांगून होणार नाही.

मला घडवलं भिवाच्या बापाने, परशुरामने. फणसाच्या लाकडाचं कडं, त्यावर बकऱ्याचं कातडं आणि ते चिकटवायला चिंचोक्यांची खळ. तीन दिवस उन्हात वाळवून त्याने माझ्यावर पहिली काठी मारली, तेव्हा समोरच्या चिंचेवरचे कावळे उडाले. "ह्याचा आवाज खाडीपल्याड जाईल," म्हातारा खुशीत म्हणाला. त्या कौतुकाने मी फुगून गेलो होतो.

दवंडी देण्याचं काम त्या घराकडे पिढ्यानपिढ्या होतं. माझ्या सुरुवातीच्या दवंड्या साध्या असत. कुणाची म्हैस हरवली, कुठे पटकीची साथ आली, कधी देवीची लस टोचणारा माणूस यायचा होता. पुढे परशुराम थकला, मी भिवाच्या गळ्यात आलो आणि दवंड्याही बदलल्या. कल्याणच्या कचेरीतले कारकून श्रीपादराव कागद वाचून दाखवत, भिवा तो पाठ करी आणि गावोगाव ओरडत फिरे, "ऐका हो ऐका! परवान्याशिवाय रानातलं लाकूड तोडायला मनाई करण्यात आली आहे!" मग ताडी काढायला मनाई झाली. मग खाडीकाठचं मीठ खरवडायला. काल जे वाडवडिलांचं काम होतं ते आज गुन्हा ठरे, आणि ते लोकांना सांगायला पुढे कोण, तर मी.

हळूहळू तो शब्द लोकांच्या तोंडात बसला. पोरं कैऱ्या पाडायला लागली की म्हाताऱ्या ओरडत, "झाडाखाली यायला मनाई करण्यात आली हाय!" नवऱ्याशी बिनसलं की बायको म्हणे, "आज माझ्याशी बोलायला मनाई." सगळे हसत. मलाही आधी हसू यायचं, नंतर येईनासं झालं.

खाडीपलीकडे किरिस्तावांची, म्हणजे ख्रिस्ती लोकांची, एक लहानशी पाखाडी होती. पाच-सहा घरं, थोडी शेती, थोडी मासेमारी. तिथे जायला रस्ता नव्हता. भिवा अलीकडच्या काठावर उभा राहून मला वाजवी, आवाज ऐकून पलीकडून कुणीतरी होडी घेऊन येई, आणि मग पाखाडीत उभं राहून भिवा दवंडी देई. शब्द खाडी ओलांडत नसत, माझा आवाज तेवढा ओलांडायचा.

त्या पाखाडीत क्लेमेंटिना नावाची विधवा राहायची. ओलसर हवेत माझं कातडं ढिलं पडतं, वाजवण्याआधी मला शेकवावं लागतं. बाकी गावांत भिवा मला रस्त्याकडेला गवत पेटवून शेकवायचा, कारण त्याला कुणी ओसरीवर चढू देत नसे. क्लेमेंटिना मात्र हात पुढे करायची, "आण रं भिवा, तुजा डफ शेकवून देते." ती मला थेट चुलीपाशी नेई, तव्यावरची भाकरी फिरवावी तशी फिरवून शेकवी आणि बोटाने वाजवून बघे. भिवा निघाला की दारात आडवी उभी राही. "माज्या घरातून उपाशी जायला मनाई हाय, ठावं हाय ना?" भिवाच्या बायकोचं, रंगूबाईचं, बाळंतपण अडलं तेव्हा भरतीच्या पाण्यातून होडी घालून हीच बाई आली होती. तिच्या पाखाडीतल्या प्रत्येक लग्नात वरातीपुढे मी वाजलो.

त्या वर्षी तिच्या मुलीचं, सेसिलियाचं, लग्न ठरलं होतं. अशा लग्नात मोहाची दारू घरीच गाळायची आणि सगळ्या पाखाडीने ती एकाच पेल्यातून प्यायची, अशी त्यांची रीत. क्लेमेंटिनाने फुलं वेचून, वाळवून दोन टोपल्या माळ्यावर ठेवल्या होत्या.

आणि त्याच चैत्रात कागद आला. मोहाची फुलं घरात ठेवायला मनाई.

भिवाने तीन दिवसांत दहा गावं केली. शुक्रवारी दुपारी आम्ही खाडीच्या काठावर पोचलो. त्याने मला वाजवलं. पलीकडून कुणी आलं नाही. पुन्हा वाजवलं, काठी हातातून सुटेपर्यंत वाजवलं. आम्हाला काय ठाऊक, तो त्यांच्या येशूच्या मरणाचा शुक्रवार होता आणि सगळी पाखाडी उपाशीपोटी ठाण्याच्या देवळात गेली होती! ओहोटी लागली, गाळ उघडा पडला. भिवाने पाण्याकडे तोंड करून सगळी दवंडी ओरडून टाकली आणि म्हणाला, "उद्या येऊन सांगू." उद्या दुसरी गावं होती. परवाही तेच झालं. मग कचेरीत श्रीपादरावांनी विचारलं, "सगळ्या वाड्या झाल्या ना रे?"

"झाल्या, रावसाहेब," असं म्हणून भिवाने कागदावर आपली निशाणी केली. मी त्याच्या गळ्यातच होतो.

पंधरा दिवसांनी आबकारीचे शिपाई पाखाडीत शिरले आणि टोपल्यांसकट क्लेमेंटिनाला घेऊन गेले.

ठाण्याच्या कोर्टात भिवाची साक्ष होती. मलाही बरोबर न्यायला सांगितलं होतं. क्लेमेंटिनाने आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. तिनेच साहेबाला सांगितलं होतं, "आमच्या पाखाडीत दवंडी झालीच नाय. भिवाला इचारा. तो खोटा नाय बोलायचा." साहेब म्हणाला, दवंडी झाली नसेल तर बाईला समज देऊन सोडता येईल.

सगळे भिवाकडे बघू लागले. कोपऱ्यात श्रीपादराव तो निशाणीचा कागद घेऊन उभे होते. खोटी निशाणी केली म्हटलं की पिढ्यांचं काम जाणार, कदाचित बेड्याही पडणार. भिवाचा हात माझ्या कातड्यावर होता. मला वाटलं, आपल्याला तोंड असतं तर!

"झाली होती, साहेब," तो म्हणाला.

तीन महिन्यांची कैद. क्लेमेंटिना भिवाकडे बघत बघत शिपायाबरोबर गेली.

लग्न तिच्याविना झालं. पेला कोरडाच राहिला, वरातीपुढे मी नव्हतो. भिवाला बोलावणं आलं नाही आणि जायचं धाडसही त्याला झालं नाही.

श्रावणात ती सुटली. पाखाडीकडे जाण्याआधी भरतीची वाट बघत ती भिवाच्या दारात येऊन बसली. कितीतरी वाळली होती. रंगूबाईने पेज पुढे केली, तिने वाटी बाजूला सरकवली. मग तिची नजर माझ्याकडे गेली. दमट हवेने मी पार लोंबत होतो. ती उठली, मला कुडावरून काढलं, रंगूबाईच्या चुलीपाशी बसली आणि नेहमीसारखं हळूहळू फिरवून शेकवलं. बोटाने वाजवून पाहिलं. आवाज खणखणीत आला. मला रडू फुटलं असतं.

तिने मला भिवाच्या हातात दिलं.

"खरं बोलायला कुनी मनाई केली नव्हती, भिवा," ती शांतपणे म्हणाली आणि होडीकडे चालू लागली.

त्यानंतर भिवाने मला कधी वाजवलं नाही. ज्या कामापायी तो खोटं बोलला, ते काम त्याने स्वतःच सोडलं. मला खुंटीवर टांगलं ते आजतागायत.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना डफ घरात असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात जरा शेकवा. पण त्याच्या आवाजावर भिस्त ठेवू नका. आपण ओरडलो म्हणजे पलीकडे ऐकू गेलंच, असं समजू नका. भरतीची वाट बघा, होडीत बसा, आणि पलीकडे जाऊन सांगा. मी त्या दिवशी पुष्कळ वाजलो होतो, आणि पलीकडे कुणीच नव्हतं.