मध्ये आलेली गाडी

पेसन गाव मागे पडलं तरी हेमचंद्रने स्टिअरिंग सोडलं नाही, तेव्हा नीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेसनपर्यंत तो चालवणार आणि तिथून वरच्या तलावापर्यंत, म्हणजे खऱ्या घाटात, ती चालवणार असं ठरलं होतं. "घाटातून एकदा गाडी नेऊन दाखव, मग नोकरीचं बघू," असं तो स्वतःच्या तोंडाने, जेवता जेवता म्हणाला होता.

नोकरी मेसा शहरातल्या एका शाळेत होती, गणितात कच्च्या मुलांना शिकवायची. सांगलीत सहा वर्षं शाळेत शिकवलेली ही बाई चार वर्षं इथे परदेशात, चँडलर शहरातल्या घरात फ्रीझर आवरत बसली होती. सोमवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं. तिकडे बस जात नव्हती आणि घरात गाडी एकच. दोन गल्ल्या सोडून राहणारा विनय हेमचंद्रच्याच कंपनीत होता आणि त्याला रोज बरोबर न्यायला एका पायावर तयार होता. लायसन्स काढून नीलाला आठ महिने झाले होते. अडत होतं ते फक्त हेमचंद्रपाशी.

"अहो, पेसन गेलं."

"आज नको. मावशी आहे गाडीत. एक्सपेरिमेंट करायची ही वेळ आहे का?"

हेमचंद्रची सुलभामावशी नागपूरहून दोन महिन्यांसाठी आली होती. मागच्या सीटवर ती वड्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि बाहेरची झाडं मोजत असल्यासारखा चेहरा केला.

शॉर्टकट म्हणून हेमचंद्रने गाडी कच्च्या रस्त्याला घातली. डावीकडे चढ, उजवीकडे उतार, दोन्हीकडे उंच पाइन. एका वळणावर त्याने करकचून ब्रेक मारला. समोर घोडे होते.

या डोंगरात मोकाट घोडे फिरतात हे नीलाने ऐकलं होतं, पण तिच्या डोळ्यांसमोर मिरवणुकीतले चकचकीत घोडे होते. हे तसले नव्हते. शेपट्यांत काटे, पोटाला वाळलेला चिखल, एकाचा कान फाटलेला. चार-पाच जण उतरणीवर गवत खात होते. एक करडी घोडी मात्र डावीकडच्या चढावर एकटीच उभी होती आणि मान ताणून गाडीपलीकडे पाहत होती. नीलाने तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. उजवीकडे, गाडीला अगदी लागून, एक शिंगरू थरथरत उभं होतं.

"मागे घ्या. तिचं पिल्लू या बाजूला आहे. आपण मध्ये आलोय."

"रस्ता आहे हा. जातील बाजूला." आणि त्याने हॉर्न दाबला. पुण्यातल्या म्हशीपुढे दाबावा तसा, हात न उचलता.

घोडीने कान मागे पाडले.

"अहो, ऐका जरा माझं!"

"तू मला शिकवू नकोस!" इंजिन चालूच ठेवून तो उतरला. इथल्या गाड्यांत ड्रायव्हर डावीकडे बसतो; ते डावीकडचं दार त्याने सताड उघडं टाकलं आणि मावशीचा टॉवेल फडकवत "हट्! हट्!" करत घोडीच्या अंगावर गेला. नीलाला त्या क्षणी घोडीपेक्षा त्याचाच जास्त संताप आला. या माणसाला कुणी 'बाजूला हो' असं कधी सांगितलंच नव्हतं की काय!

घोडी सरळ त्याच्यावर धावून आली. हेमचंद्रची पाचावर धारण बसली. टॉवेल टाकून त्याने गाडीच्या पुढून वळसा घातला, उजवीकडचं मागचं दार उघडलं आणि वड्यांच्या डब्यासकट मावशीच्या मांडीवर कोसळला. घोडी गर्रकन फिरली, मागचे दोन्ही पाय झाडले आणि ड्रायव्हरचं उघडं दार धाडकन बंद झालं. पत्रा आत आला. मावशी किंचाळली.

"हॉर्न वाजव! हॉर्न!" हेमचंद्र मागून ओरडत होता.

नीला सीटवरून सरकून स्टिअरिंगमागे गेली. गिअर रिव्हर्समध्ये टाकला, उजवा हात सीटच्या पाठीवर ठेवला आणि मागे वळून पाहिलं.

"डोकं खाली घ्या. मला मागची काच दिसत नाहीये."

त्याने डोकं खाली घेतलं. वळण, उतार, चाकाखालचे दगड, सगळं सांभाळत तिने गाडी पन्नास-साठ यार्ड मागे नेली आणि थांबवली. शिंगरू रस्ता ओलांडून गेलं. घोडीने ते नाकाने वरपासून खालपर्यंत हुंगलं, एकदा गाडीकडे पाहिलं आणि त्याला पुढे घालून झाडीत शिरली. पुढे तलावापर्यंत गाडी तिनेच नेली. हेमचंद्र मागेच बसून राहिला.

तलावावर सहलीसाठी चार मराठी कुटुंबं जमली होती. दाराचा पोचा पाहून सगळे गोळा झाले. नीला ताटल्या काढत होती आणि हेमचंद्रचा गळा मोकळा झाला होता.

"काय सांगू यार, मोकाट घोडी अंगावर आली! मी म्हटलं, पॅनिक नाही व्हायचं. गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि एवढ्या अरुंद रस्त्यावरून सरळ मागे घेतली."

"ग्रेट!" विनय म्हणाला.

नीलाने मावशीकडे पाहिलं. मावशी मूग गिळून वड्यांवर चटणी वाढत होती. घोडीची लाथ परवडली, असं नीलाला वाटलं.

"हेमचंद्र, गाडी जरा हलवतोस?" जमलेल्यांपैकी अनिलने विचारलं. "माझी अडकलीय, बर्फ आणायला जायचंय."

हेमचंद्रने शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे. मग पुन्हा शर्टाचा. सगळे पाहत होते.

"माझ्याकडे आहे चावी," नीला म्हणाली.

"दे." त्याने हात पुढे केला.

ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "विनय, सोमवारी सकाळी ह्यांना घ्यायला या. गाडी मला लागणार आहे. मला शाळेत सातला पोहोचायचंय."

ती गाडीकडे गेली. ठेचलेलं दार उघडेना, म्हणून उजवीकडून शिरून सरकत स्टिअरिंगमागे बसली. हेमचंद्र तरातरा येऊन गाडीच्या मागे उभा राहिला, हात तसाच पसरलेला. तिने गिअर रिव्हर्समध्ये टाकला, सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि मागे वळून पाहिलं. हॉर्न वाजवला नाही.

"बाजूला व्हा," ती खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मध्ये आलायत."

हेमचंद्र बाजूला झाला.