दुपारची रात्र

आमच्या प्रयोगशाळेत रात्र सकाळी दहाला होते. टायमर दिवे घालवतो, मी लाल बल्ब लावते आणि लष्करी अळीचे पतंग समजतात, झाली रात्र. लाल उजेड त्यांना दिसत नाही. माद्या नटूनथटून बसतात आणि तीन ते पाचच्या दरम्यान शेपटाचं टोक वर करून वास सोडतात. मग नर येतात, जोड्या जमतात, मी वेळ लिहिते. पिकात सापळे कधी लावायचे ते यावरून ठरतं.

तीन दिवस मी शून्य लिहीत होते. मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी जोडी जमली नाही तर प्रयोग बंद." म्हणजे माझी नोकरीही बंद. मी पिंजरे बदलले, मधाचं पाणी बदललं, नरांना नाही नाही ते बोलले.

गुरुवारी साडेतीनला एका मादीनं टोक वर केलं. तेवढ्यात माझा मोबाइल उजळला, 'उठलो. जेवलीस?' मादीनं टोक झटकन खाली घेतलं.

कपाळ माझं! तीन दिवस मीच खोलीभर उजेड पाडत प्रेमाच्या गप्पा मारत होते, आणि ती बिचारी उपाशी.

मेसेज करणारं हे माझं घुबड म्हणजे इस्पितळातला नर्स. कायम रात्रपाळी. तीनला उठतो, सहाला निघतो. महिन्यापूर्वी त्यानं लग्नाचं विचारलं होतं, मी 'बघू' म्हणून टोलवलं होतं.

फोनवर म्हटलं, "तीन ते पाच मेसेज करू नकोस."

"आपल्याला तेवढाच तर वेळ मिळतो गं."

"माझी नोकरी जाईल रे."

"बरं," म्हणाला आणि ठेवला. मला फार वाईट वाटलं.

शुक्रवारी पावणेतीनला हा दारात हजर. मोबाइल बंद करून दाखवला आणि गुपचूप स्टुलावर बसला. बाहेरच्यांना आत सक्त मनाई आहे, तरी मी त्याला हाकललं नाही. चारला पहिली जोडी जमली, साडेचारपर्यंत सहा. तो बोटांवर मोजत होता, मी लिहीत होते.

मॅडम आत आल्या. आधी पिंजरे पाहिले, मग त्याला.

"बाहेरचा माणूस इथे कसा?"

"बाहेरचा नाही, मॅडम. माझा होणारा नवरा आहे."

हे त्यालाही तेव्हाच कळत होतं. तो काहीतरी बोलायला गेला, मी तोंडावर बोट ठेवलं. पाच वाजेपर्यंत बिचारा हूं की चूं न करता बसून राहिला.