आजचं ताट : जुने कपडे

“मला बाही वाढ, तोमे, कॉलर नको. कॉलर फार कडक असते, माझे दात राहिले नाहीत तसले,” जुस्तिनो टेबलावर थाप मारून ओरडला आणि सगळी खाणावळ हसली.

“तुला खिसा वाढतो,” मी म्हटलं. “रिकामाच आहे, तुझ्या डोक्यासारखा.”

“बटणं तेवढी काढून घे रे बाबा!” मागून कुणीतरी भर घातली.

सकाळपासून हेच चाललं होतं. समोरच्या रस्त्यावर टायरची पंक्चर काढणारा हा जुस्तिनो, रोजचं गिऱ्हाईक, त्याला तर निमित्तच हवं असतं. आणि निमित्त मीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

आमची खाणावळ मापुतोत, आल्तो माएच्या चढावर. मालक सेन्योर आबिलियो. इथे रोज एकच पदार्थ. आधी सूप आणि पाव, मग तो पदार्थ, शेवटी कॉफी. सोमवारी घेवड्याचा रस्सा, मंगळवारी तळलेले मासे, बुधवारी उकडलेलं मांस-कोबी-बटाटे, गुरुवारी वजडी, शुक्रवारी खारवलेला मासा. मालकांच्या वडिलांनी पोर्तुगालहून येताना हा क्रम बरोबर आणला. पुढे त्यांचं राज्य गेलं, झेंडा बदलला, रस्त्यांची नावं बदलली, पण गुरुवारची वजडी काही हलली नाही. इतकी वर्षं लोक वार विसरले तर आमच्या वासावरून ओळखायचे.

त्या आठवड्यात मात्र लिंपोपो नदीला पूर आला. उत्तरेचा रस्ता तुटला, भाजी कडाडली आणि गुरुवारी वजडीवाला आलाच नाही. मालकांनी कालचं पातेलं उघडून पाहिलं आणि म्हणाले, “हे उरलंय ना? स्वयंपाकघरात रबेकाला सांग, मांस कोबी सगळं ओरबाडून चिंध्या कर, भरपूर लसूण घाल, ऑलिव्हच्या तेलात परत. माझी आई करायची. आणि तू फळ्यावर लिही, जुने कपडे.”

“कसले कपडे?”

“जुने! पदार्थाचं नाव आहे ते, गाढवा. आमच्या गावाकडे असंच म्हणतात.”

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? आम्ही घरी शांगान बोलतो, पोर्तुगीज शाळेत आणि पगारासाठी. कुणाच्या आईनं उरलंसुरलं परतून त्याला काय नाव ठेवलं, हे मला कसं कळावं? मी निमूटपणे रोजच्यासारखं लिहिलं : ‘आज : जुने कपडे. बारा ते तीन.’ आणि फळा दारात टेकवला.

थोड्या वेळानं पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे दोना एव्हेलीना उभ्या होत्या. हातात पावाची पिशवी, आणि फळ्याकडे टक लावून बघत होत्या. मला जरा गंमत वाटली, कारण त्या फळा कधीच वाचत नसत. वार पाठ होते त्यांना. मी मनात म्हटलं, झालं, वजडी नाही म्हणून आता आपली खरडपट्टी. मी हात केला. त्यांनी पाहिलंच नाही. तशाच वळून घराकडे गेल्या.

दोना एव्हेलीना, म्हणजे एव्हेलीनाबाई, पोस्टातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या ऑपरेटर. अर्धं शहर त्यांनी एकमेकांना जोडून दिलेलं. निवृत्त झाल्या तरी आवाज तोच राहिला, स्वच्छ आणि थोडा नाकातला. मी सूप ठेवलं की म्हणायच्या, “लाइन मिळाली, आभारी आहे.” खिडकीजवळचं टेबल त्यांचं. पूर्वी बुधवारी मुलगा बरोबर यायचा, नार्सिसो. उंचापुरा, लिफ्ट दुरुस्त करायचा, खाताना बोलायचा नाही, पण आईच्या ताटातली चरबी न सांगता आपल्या ताटात घ्यायचा. ताप डोक्यात गेला आणि तीन दिवसांत आटोपला. घरात त्या आणि सून जिल्दा, दोघीच राहिल्या.

आमच्यात माणूस गेला की काही महिन्यांनी घरचे जमतात आणि त्याचे कपडे हातोहात वाटतात. ज्याला मिळाला त्यानं तो तिथेच अंगात घालायचा, सगळ्यांदेखत. तोवर सुतक सुटत नाही आणि बायकोचं काळं उतरत नाही. नार्सिसोच्या कपड्यांसाठी नातेवाईक दोनदा जमले आणि दोन्ही वेळा दोनांनी पेटीला कुलूप लावून किल्ली चोळीत घातली. दुसऱ्या वेळी त्यांची नणंद अंगणात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, “म्हातारी पोराचे कपडे खाणार आहे का?”

जिल्दा कधी काही बोलली नाही. तिशीचीही नसेल पोरगी. काळे कपडे घालून कामावर जायची, काळेच कपडे घालून यायची. “ती भांडली असती तर बरं होतं,” दोना एकदा मला म्हणाल्या होत्या. “रात्री काळी वस्त्रं धुते, सकाळी तीच ओलसर घालते. मला दिसतं रे सगळं. पण पेटी उघडली की त्याचा वास येतो आणि मी पुन्हा झाकण लावते.” मी पाव आणून ठेवला.

तर त्या दिवशी त्यांची वेळ टळली तरी दोना आल्या नाहीत. मी त्यांचं टेबल अडवून ठेवलं होतं. आणि जुस्तिनो बाहीबिहीच्या कोट्या करत असतानाच त्या दारात दिसल्या. डोक्यावर फुलाफुलांच्या कापडात बांधलेलं भलंमोठं गाठोडं. आत आल्या आणि ते त्यांनी गल्ल्यावर ठेवलं.

“इथेच घेताय ना, तोमे? बारा ते तीन लिहिलंयस.”

“काय घेतोय, दोना?”

“कपडे. पुराच्या लोकांसाठी.” त्या धापा टाकत होत्या. “चर्चमध्येही घेतात, पण तिथे माझी नणंद बसते. तिच्या हातात द्यायचे म्हणजे तिची जीत झाली. सकाळी तुझा फळा वाचला आणि म्हटलं, बरं झालं. इथे माझी माणसं आहेत, इथेच देते.”

गावभर पुरासाठी कपडे गोळा होत होते, प्रत्येक चर्चवर, प्रत्येक दुकानावर पाटी होती. त्या पाट्यांवर लिहिलेलं आणि आमच्या फळ्यावर लिहिलेलं, अक्षरन् अक्षर तेच!

मागच्या टेबलावर एक बँकेतला बाबू बसला होता, नवखा. तो फिस्सकन हसला. जुस्तिनोनं मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू जागच्या जागी विरलं. काटे-चमचे थांबले.

मालक गल्ल्यामागून उठले. हा माणूस जन्मात कधी गिऱ्हाइकाशी खोटं बोललेला नाही. मासा शिळा असला तर स्वतः सांगतो, शिळा आहे, खाऊ नका. मी डोळ्यांनीच त्यांना विनवलं. आणि ते तोंड उघडायच्या आत बोलून गेलो, “हो दोना, इथेच घेतोय.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसले.

दोनांनी गाठ सोडली. एकेक कपडा काढून माझ्या हातात देऊ लागल्या. “हा पांढरा शर्ट, लग्नातला. नार्सिसोचा. हे स्वेटर मी विणलं, एक बाही लांब झालीये. नार्सिसोचं. ही बाह्यांची डांगरी, कामावरची. गुडघ्यावरचा डाग निघत नाही, सांगून ठेव त्यांना. नार्सिसोची.” प्रत्येक वेळी नाव घेत होत्या, वाटणीच्या वेळी घेतात तसं. माझे हात भरले. शेवटी पट्टा निघाला, तो त्यांनी जरा वेळ स्वतःजवळ धरला, मग वर ठेवला.

“झालं,” त्या म्हणाल्या आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. चेहरा कसा मोकळा झाला होता! “भूक लागलीये रे. दीड वर्षात अशी लागली नव्हती. वाढ लवकर.”

मी सूप वाढलं, पाव वाढला, मग ताट ठेवलं. त्यांनी घास घेतला, मान हलवली, दुसरा घेतला. खरोखर चवीनं खात होत्या. मी देवाला म्हटलं, एवढं जेवण सुखानं होऊ दे, मग संध्याकाळी मीच ते गाठोडं चर्चमध्ये पोचवतो, नणंदेला चुकवून.

“ही वजडी नाही,” दोना म्हणाल्या. “पण छान लागतंय. काय म्हणतात याला?”

मी घसा खाकरला. जुस्तिनो आपल्या ताटात असा बघू लागला की जणू त्यात त्याची किल्लीच हरवली होती. आणि तेवढ्यात आतून रबेकामावशी, बिचारीला बाहेरचा पत्ताच नव्हता, नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडली, “तोमे! दोन जुने कपडे तयार! घेऊन जा, गार होतील!”

मेलो, असं वाटलं मला.

दोनांनी काटा खाली ठेवला. ताटाकडे पाहिलं. दारातल्या फळ्याकडे पाहिलं. गल्ल्यावरच्या कपड्यांकडे पाहिलं. सगळं जुळायला त्यांना वेळ लागला नाही, जुळवण्यातच जन्म गेला होता त्यांचा.

“पदार्थ आहे होय,” त्या हळूच म्हणाल्या.

“चूक माझी, दोना. मी खाली सूप-पाव-कॉफी लिहायला हवं होतं. आणि मघाशी सांगायला हवं होतं. मला धीर नाही झाला. तुमचे कपडे मी आत्ता घरी आणून देतो. कुणाला काही कळणार नाही.”

“नणंद म्हणाली होती, म्हातारी कपडे खाणार का.” त्यांनी ताट जरासं पुढे सरकवलं. “खाल्ले बघ.”

त्या हसल्या, पण ते हसू धड झालं नाही. त्यांनी रुमाल तोंडावर धरला. मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. मग त्या उठल्या, गल्ल्याशी आल्या आणि कपडे पुन्हा फुलांच्या कापडावर ठेवू लागल्या. शर्ट, स्वेटर, डांगरी. गाठ मारायला लागल्या. मला कळून चुकलं, ही गाठ आता पुन्हा सुटायची नाही. पेटी, कुलूप, आणि जिल्दाचं काळं. आणि सगळं माझ्या दोन शब्दांपायी.

“दोना,” जुस्तिनो उभा राहिला होता. आवाज त्याचा नव्हताच जणू. “माझ्याकडे पुरासाठी द्यायला काही नाही. जे आहे ते अंगावर. पण घ्यायला मी आहे.”

दोना थांबल्या.

“नार्सिसो माझ्याशी फुटबॉलवरून भांडायचा. हरला की पंक्चर नसतानाही हवा भरून घ्यायला यायचा, परत भांडायला. मी त्याच्या दफनाला होतो. वाटणीला मला कुणी बोलावलं असतं तर आलो असतो.” तो गल्ल्यापर्यंत आला. “तिकडे पुरातल्या शोक्वे गावच्या माणसाला तो कोण होता हे कसं कळणार? मला डांगरी द्या. माझी फाटलीये, बघा, मागून. लाज जायची वेळ आलीये.”

कुणी हसलं नाही. दोना त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिल्या, शिंपी बघतो तसं.

“तू बुटका आहेस,” त्या म्हणाल्या.

“दुमडून घेईन.”

मग त्यांनी अर्धी मारलेली गाठ सोडली, डांगरी काढली, झटकली आणि दोन्ही हातांवर ठेवून पुढे धरली. “नार्सिसोची,” त्या म्हणाल्या. जुस्तिनोनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि तिथेच, गल्ल्यासमोर, आपल्या कपड्यांवरून चढवली. बाह्या हाताच्या खाली लोंबत होत्या. दोना वाकल्या आणि त्यांनी एकेक बाही दुमडली, मग पाय दुमडले. “ताठ उभा राहा,” म्हणाल्या. तो राहिला.

मग सेन्योर आबिलियो पुढे आले. त्यांनी हात पुढे केले. त्यांना स्वेटर मिळालं. मापुतोच्या त्या उकाड्यात त्यांनी ते घातलं, आणि एक बाही खरोखरच बोटांपर्यंत आली. लग्नातला शर्ट मला मिळाला. मी आतल्या खोलीत जायला लागलो तर दोना म्हणाल्या, “इथेच.” मी तिथेच घातला. रबेकामावशी दारात येऊन सगळं बघत होती, तिनं पट्टा तिच्या धाकट्यासाठी मागून घेतला आणि हातातल्या फडक्याला डोळे पुसत पुन्हा चुलीकडे गेली. बाबूला काही मिळालं नाही, पण तो शेवटपर्यंत उभा होता.

दोना टेबलाशी परत बसल्या. मालक म्हणाले, अन्न गार झालंय, गरम करून देतो. “राहू दे,” त्या म्हणाल्या आणि ताटात होतं तेवढं सगळं संपवलं, शेवटी पावानं ताट पुसून घेतलं.

“आता कॉफी दे. आणि एक ताट बांध. जिल्दाला नेते. तिचा तो हिरवा पोशाख खालीच कुठेतरी असेल पेटीत, आता दिसेल.”

मी डबा बांधून दिला. त्या रिकाम्या कापडाची घडी काखेत धरून बाहेर पडल्या. जुस्तिनो एव्हाना कामाला लागला होता. एका गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता, पाठ आमच्याकडे. दोना रस्ता ओलांडताना मध्येच थांबल्या. एका मिनीबसवाल्यानं हॉर्न वाजवला तरी हलल्या नाहीत. त्या पाठीकडे बघत होत्या.

मग पलीकडे पोचल्या आणि त्याच्या डोक्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “वाळत घालताना उलटी घाल. नाहीतर उन्हानं रंग जातो.”

जुस्तिनोनं वर पाहिलं. त्यानं मान हलवली, आणि दोना डबा सांभाळत घराकडे निघाल्या.