विद्यापीठाचा बंद लिफाफा

फ्रेंच शिकायचं ठरलं तेव्हा आमची वाटणी सरळ होती. भाषा मी करायची, कागद आलोक बघणार. कॅनडाला कायमचं जायचं तर अर्जात फ्रेंचचे गुण मिळतात, आणि आम्हा दोघांत डोकं माझंच चालतं हे नवऱ्याने स्वतः कबूल केलं होतं. पुण्यात मी बँकेत अधिकारी होते. कुवेतला त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर आले आणि अकरा वर्षं घरी बसले. तिकडे जाऊन पुन्हा कामाला लागायचं, एवढंच मला हवं होतं.

मग दोन वर्षं हवल्लीच्या कॉलेजात संध्याकाळचा वर्ग. शिकवायला मोरोक्कोच्या झुलेखा मॅडम. शेजारच्या खोलीत स्पॅनिशवाले मजेत गाणी म्हणायचे आणि आम्ही क्रियापदं घोकायचो. माझ्या बाकावर श्रीवर्धनची नाझिया. "अगो देवयानी, हा 'र' घशातनं काढायचा की खाकरून?" असं तिने विचारलं की मॅडमसुद्धा हसायच्या. मी पोळ्या लाटताना पाठांतर करायचे. आलोक चेष्टा करायचा, "मादाम, चहा मिळेल का?" मी हसत चहा द्यायचे. अधूनमधून विचारायचे, "माझे डिग्रीचे कागद तपासायला कॅनडाला पोचले का रे?"

"पाठवलेत गं. तिकडे रांग असते."

गुरुवारी निकाल लागला. हवे होते त्याहून जास्त गुण. शुक्रवारी सकाळी आलोक जमियात, कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानात भाजी आणायला गेला, तेव्हा निकालाचा कागद लावायला मी फाइल शोधली. सापडली ती सगळ्यात खालच्या खणात, वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेखाली. आत विद्यापीठाचा लिफाफा. माझ्या भावाने तीन खेपा घालून मिळवलेला. तो कॅनडातच उघडायचा असतो, म्हणून वर शिक्का. शिक्का जसाच्या तसा होता. दोन वर्षं या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती.

तो आला. मी लिफाफा टेबलावर ठेवला. त्याने आधी पिशवीतून कोथिंबीर काढली.

"ऐक ना. माझं इथे बरं चाललंय. या वयात तिकडे जाऊन पहिल्यापासून सुरुवात करू?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"वाटलं, दोन महिन्यांत सोडशील. आणि तुझा वेळही बरा जात होता."

वेळ जात होता! केसाने गळा कापायचा, आणि वर बायकोला विरंगुळा दिल्याचं पुण्यही घ्यायचं. मला रडू आलं नाही. लाज वाटली, हसत दिलेल्या प्रत्येक कप चहाची.

मी लॅपटॉप उघडला आणि अर्ज सुरू केला. भाषा कोणती, इंग्रजी की फ्रेंच? मी फ्रेंच निवडली. आलोक मागे येऊन उभा राहिला. राग शांत होईपर्यंत बसू दे हिला, असा त्याचा चेहरा. नाव, जन्मतारीख, शिक्षण, गुण भरले. मग प्रश्न आला: पती सोबत येणार आहेत का?

"काय विचारतायत?"

"तुझ्याबद्दल विचारतायत."

"मग नीट भर. कागदात चूक नको."

मी प्रश्न दोनदा नीट वाचला आणि 'नॉं'वर खूण केली. एवढं फ्रेंच त्यालाही कळलं.